जुन्या घरात फायबर घेताना फोन-नेटचे पॉइंट नक्की कुठे काढावेत?

आंबेमोहोर · ८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

कोथरूडचं आमचं घर १९९३ सालचं. दोन बेडरूम, हॉल, किचन. आगगाडीच्या डब्यासारखं लांबट. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला गॅलरी, मध्ये पॅसेज. पुढच्या आठवड्यात सगळं वायरिंग नव्याने होणार, मग रंग. त्याच निमित्ताने तांब्याच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड सोडून फायबर घेतोय. लँडलाइनचा नंबर मात्र तोच ठेवायचा आहे. आईचा सगळा गोतावळा त्याच नंबरवर आहे.

इलेक्ट्रिशियनने हातात खडू दिला आणि म्हणाला, "ताई, शुक्रवारपर्यंत पॉइंट पाहिजेत तिथे फुल्या मारून ठेवा. रंग झाल्यावर मी भिंत फोडणार नाही." दोन दिवस खडू घेऊन घरभर फिरतेय.

सध्या फोनची राखाडी डबी दाराच्या आत, चपलांच्या रॅकच्या वर आहे. काल तिचे स्क्रू काढायला गेले तर डबी हलेना. तिच्यावर रंगाचे चार थर: हिरवट, गुलाबी, क्रीम आणि पुन्हा क्रीम. ब्लेडने कडा कापून काढली. मागे भिंतीवर बाबांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं दिसलं, 'तक्रार १९८', आणि त्याखाली कुणाचा तरी सहा आकडी नंबर. बराच वेळ तिथेच उभी होते.

असो. प्रश्न असे. फायबरचा डबा कुठे बसवावा? मी तो पॅसेजमधल्या माळ्यावर लपवायचं ठरवते आहे, म्हणजे वायरी दिसणार नाहीत. लॅन पॉइंट, म्हणजे वायरने नेट घ्यायची सॉकेट, कोणत्या खोल्यांत काढू? आणि फोनचे जुने सॉकेट ठेवू की बुजवून टाकू? आई ७४ वर्षांची आहे, दिवसभर घरी एकटी असते. तिचा फोन हॉलमध्ये दिवाणाशेजारी असतो.

गवतीचहा · ८ नोव्हेंबर, रात्री ९:५८

रुमाल टाकून ठेवतेय. आमच्याकडे जानेवारीत हेच काम निघणार आहे.

जोडणीवाले · ८ नोव्हेंबर, रात्री १०:३५

मी ३१ वर्षं टेलिफोनच्या आउटडोअरला होतो, आता निवृत्त आहे.

त्या राखाडी डबीला आम्ही रोझेट म्हणतो. जिन्यातल्या डीपीवरून, म्हणजे घरोघरच्या तारा वाटणाऱ्या पेटीवरून, आलेली ड्रॉप वायर तिथे संपते आणि घरातली वायर सुरू होते. ती दाराजवळ का, तर आमच्या हातात वायर मोजकी आणि दिवसाची कनेक्शनं भरपूर. दारातून आत आलो की पहिल्या मोकळ्या भिंतीवर डबी ठोकायची. घरातलं माणूस कुठे बसतं हे विचारायला वेळच नसे. आज तुम्हाला तो वेळ मिळालाय, त्याचा उपयोग करा.

जुन्या पद्धतीत आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली आणि नेट त्याच्या वर, दोन्ही एकाच तांब्याच्या जोडीवरून यायचं. त्यामुळे मोडेम फोनच्या सॉकेटलाच बांधलेला असे. घरात समांतर काढलेलं प्रत्येक जादा एक्स्टेंशन त्या सिग्नलला खात असे. पावसाळ्यात जोडात पाणी गेलं की आधी खरखर, मग नेट बंद. फायबरला यातलं काही नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, ओएनटी नावाचा डबा त्याचं नेट करतो, आणि त्याच डब्याच्या मागे 'टेल' लिहिलेल्या छोट्या भोकातून तुमचा फोन निघतो.

म्हणून जुनी फोनची वायर बुजवू नका. 'टेल'मधून एक वायर काढून घरातल्या जुन्या वायरिंगला जोडली की दिवाणाशेजारचं सॉकेट जसंच्या तसं चालेल. फक्त त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी रोझेटमधून सोडवून वेगळी करा. ही गोष्ट विसरायची नाही. बाहेरच्या जोडीवर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट असले तर नव्या डब्याचं पोर्ट जाईल.

पाऊसवेडी · ८ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मी थोडी वेगळी बाजू मांडते. भिंती फोडून लॅन कशाला? घरात लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही, सगळंच वायफायवर चालतं. एक चांगला राउटर मध्यात ठेवा, कमी पडलं तर मेशचे, म्हणजे एकमेकांशी जोडून वायफाय पुढे नेणारे, दोन डबे आणा. आम्ही वाकडला नव्या घरात एकही वायर ओढली नाही, तीन वर्षं मजेत चाललंय.

दगडूशेठ_पेठकर · ९ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

@पाऊसवेडी, नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा पातळ ब्लॉकच्या असतात. ९३ सालच्या घरात जाड विटा, त्यावर प्लास्टर, मध्ये आरसीसीचे खांब. २.४ गिगाहर्ट्झ त्यातून कसंबसं जातं, वेगवान ५ गिगाहर्ट्झ दोन भिंतींतच दम टाकतं. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात राउटर हॉलला होता आणि मुलीच्या खोलीत मीटिंग सारखी तुटायची. शेवटी कारण सापडलं ते मधल्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट, त्याच्या दाराला पुरुषभर आरसा. कपाट समोरच्या भिंतीला सरकवलं आणि मीटिंग सुरळीत झाली.

मेशलाही माझा विरोध नाही. पण दोन डबे आपापसात वायफायनेच बोलत असतील तर वेगाचा मोठा वाटा त्यातच खर्च होतो. प्रत्येक डब्यापर्यंत लॅन पोचली तर तोच मेश सुसाट धावतो. भिंत उघडीच आहे तर वायर टाका.

पाऊसवेडी · ९ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

हे पटलं. आमच्याकडे खरंच ब्लॉकच्या भिंती आहेत.

ओळंबा · ९ नोव्हेंबर, दुपारी १:१५

साइट सुपरवायझर आहे, रोज हेच बघतो. ताई, माळ्याचा विचार सोडून द्या.

माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी तापते. अडॅप्टर आणि डबा दोन्ही लवकर म्हातारे होतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, नेट गेलं की पहिलं काम डब्यावरचा लाल दिवा बघायचं, दुसरं काम स्विच बंद करून चालू करायचं. तुम्ही ऑफिसात, घरी ७४ वर्षांच्या आई एकट्या. त्या स्टुलावर चढून माळ्यात हात घालणार का? त्यांचा लँडलाइनही आता त्याच डब्यावर आहे. डबा अशा जागी हवा की घरात सर्वांत जास्त वेळ जे असतं त्याला जमिनीवर उभं राहून दिवा दिसेल आणि स्विचला हात पोचेल.

तुमच्या घराच्या आकारात पॅसेजची भिंत उत्तम. जमिनीपासून पाचेक फुटांवर डबा, त्याच्या खाली, जमिनीपासून चार फुटांवर, स्विच-सॉकेट. सॉकेट तीन ठेवा: ओएनटी, राउटर आणि पुढेमागे येणारा छोटा यूपीएस.

आता पाइप. २५ मिलिमीटरचा पीव्हीसी घ्या, लाइटच्या पाइपपेक्षा वेगळा. लाइटची आणि नेटची वायर एका पाइपमध्ये कधीच नाही. समांतर जात असतील तर फूटभर अंतर, ओलांडायची असेल तर काटकोनात. कोपऱ्यात कोंदट एल्बो न लावता लांब वळणाचा बेंड लावा. प्रत्येक पाइपमध्ये एक जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार ओढून सोडा, पुढे वायर ओढायला. दाराबाहेरच्या डक्टपासून पॅसेजपर्यंत एक आख्खा पाइप रिकामा ठेवा. उद्या कंपनी बदलली तर नवी फायबर त्यातून येईल, भिंतीला हात लावावा लागणार नाही.

आणि प्लास्टर करायच्या आधी मेजरिंग टेप भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना तो फोटो सोन्याचा वाटेल.

गवतीचहा · ९ नोव्हेंबर, दुपारी १:४०

वाचनखूण साठवली. फोटोची युक्ती फार आवडली.

चौपदरी · ९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

ओळंबा यांना अनुमोदन. लॅनच्या वायरबद्दल माझा अनुभव सांगतो, कारण त्यापायी माझे चार महिने गेले.

३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. वायफायवर डब्याशेजारी २८० मिळायचे, पण लॅनवर काही केल्या ९४ च्या वर जाईना. कंपनीचा माणूस दोनदा आला, डबा बदलला, तरी ९४. एका रविवारी मी सॉकेटची प्लेट उघडली. आत आठपैकी चारच तारा जोडलेल्या, बाकीच्या चार कापून मागे दुमडलेल्या. आठाच्या ऐवजी चार जोडल्या की काम पटकन होतं. पण १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, असा क्रम दोन्ही टोकांना लावला आणि पाचव्या मिनिटाला २९० दिसले.

म्हणून कामगार जायच्या आधी प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून 'लिंक स्पीड' बघा. तिथे १००० दिसलं पाहिजे.

कॅट-६ घ्या, शुद्ध तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते, ती नको. चाकूने तार खरवडली की आतली चांदीसारखी चमक उघडी पडते. ३०५ मीटरचं पूर्ण खोकं एका घराला लागत नाही, आम्ही तीन शेजाऱ्यांनी मिळून एक घेतलं.

टेम्सकाठी · ९ नोव्हेंबर, रात्री ११:५०

इंग्लंडमधून लिहितेय, रेडिंगला असते. इथेही हाच विषय घरोघरी चालू आहे. जानेवारी २०२७ अखेर इथलं तांब्यावरचं जुनं टेलिफोन जाळं बंद होणार आहे. मूळ मुदत डिसेंबर २०२५ ची होती. ती पुढे ढकलली, त्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातलं मदतीचं बटण जुन्या लाइनवर चालतं ही काळजी मोठी होती.

इथे घरात येणाऱ्या पहिल्या सॉकेटला मास्टर सॉकेट म्हणतात. त्याची खालची अर्धी पट्टी काढली की आत टेस्ट सॉकेट असतं. तिथे मोडेम लावला की घरातली सगळी एक्स्टेंशनं आपोआप तुटतात. जोडणीवाले काकांनी एक्स्टेंशनबद्दल लिहिलंय ते मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या आधीच्या मालकांनी वरच्या मजल्यावर तीन एक्स्टेंशनं काढली होती. त्यात घंटेसाठी तिसरी तार असते, ती अँटेनासारखा गोंगाट ओढते. ती एक तार सोडवली आणि नेट लक्षात येण्याइतकं सुधारलं.

आंबेमोहोर, आईंच्या फोनची काळजी आत्ताच घेताय हे फार बरं. इथे शेजारच्या आजींकडे फायबर आलं आणि पहिल्यांदा वीज गेली तेव्हा फोनही गेला. त्या घाबरून आमच्याकडे आल्या.

जोडणीवाले · १० नोव्हेंबर, सकाळी ६:५५

टेम्सकाठी ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून जायची, त्यामुळे गाव अंधारात असलं तरी फोन जिवंत. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. घरातले दिवे गेले की फोन गेला. ओएनटी बहुतेक १२ व्होल्टवर चालतो, त्याच्यासाठी पुस्तकाएवढा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घ्याच. राउटर वेगळा असेल तर त्यालाही त्यावर घ्या.

निळी_शाई · १० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

थोडं अवांतर. भिंतीवरच्या पेन्सिलच्या नंबरावरून आठवलं. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात फोन फक्त इनामदारांकडे होता. माझ्या वडिलांच्या व्हिजिटिंग कार्डवर त्यांचा नंबर आणि पुढे 'पी.पी.' असं छापलेलं. फोन आला की इनामदार काकू गॅलरीतून हाक मारायच्या आणि आम्ही पोरं जिना उतरून पळत सुटायचो. माझ्या निकालाचा फोन तिथेच आला. काकूंनी आधी हातावर साखर ठेवली, मग रिसीव्हर दिला. त्यांना आधीच कळलं होतं.

दगडूशेठ_पेठकर · १० नोव्हेंबर, सकाळी १०:०२

पी.पी.! किती वर्षांनी हा शब्द वाचला. आमच्याकडे डायलला छोटं कुलूप असायचं आणि किल्ली आजोबांच्या जानव्याला.

गवतीचहा · १० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

माझ्याकडे आजीचा काळा चकतीचा फोन आहे, चालू स्थितीत. फायबरच्या डब्याला लावला तर चालेल का?

जोडणीवाले · १० नोव्हेंबर, सकाळी ११:४५

येणारे फोन घेता येतील, घंटाही वाजेल. बाहेर फोन लावताना अडचण येऊ शकते. चकती फिरवली की ती लाइन तोडून-जोडून ठोके पाठवते आणि ते ठोके बऱ्याच नव्या डब्यांना कळत नाहीत, त्यांना बटणांचे सूर लागतात. लावून बघा, बिघडत काही नाही. डब्यात मोजक्याच घंटा वाजवण्याची ताकद असते, तेव्हा सोबत दोन-तीन फोन नकोत.

ओळंबा · १० नोव्हेंबर, दुपारी २:१०

फायबरच्या वायरबद्दल राहिलं. घरात येते ती पांढरी किंवा काळी चपटी वायर दिसायला राकट, आत केसाएवढा काचेचा तंतू. वळण हळुवार हवं. घरगुती कामासाठीची जी.६५७ जात बरीच वाकते, ए-२ प्रकाराला साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत चालतं, पण जुन्या जातीला ३० मिलिमीटर लागतात. तुमच्या दारात कोणती येणार ते आधी कळत नाही, म्हणून वळण मुठीएवढं धरून चाला. दाराच्या फटीतून कधीही घेऊ नका. एका साइटवर रोज दार लागून लागून तंतू चिरडला आणि दर दोन दिवसांनी लाल दिवा.

हिरव्या टोकाची पिन हिरव्यातच जाते. निळी आणि हिरवी एकमेकांत घातली तर बसते, पण सिग्नल पडतो. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं.

चौपदरी · १० नोव्हेंबर, दुपारी ३:००

आणि फायबरची जोडणी करायला येणाऱ्या माणसाला मीटरवरचा सिग्नलच्या ताकदीचा आकडा दाखवायला सांगा. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर छान. उणे २७ ही साधारण शेवटची हद्द. उणे २६ दाखवून "चालतंय की" म्हणाला तर जोड पुन्हा करून घ्या. आत्ता चालतं, पुढे पहिल्या ताणाला तुटतं.

बिनतारी · १० नोव्हेंबर, रात्री ८:४५

सगळं घराच्या आतलं चाललंय म्हणून सोसायटीच्या बाजूने लिहितो, मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. जुन्या इमारतींत टेलिफोनचा डक्ट नसतोच किंवा तांब्याच्या मेलेल्या तारांनी गच्च भरलेला असतो. मग प्रत्येक कंपनी गच्चीवरून वायरी खाली सोडते. आमच्याकडे एका पावसाळ्यात उंदरांनी तीन घरांची फायबर कुरतडली. आम्ही मेलेल्या तारा काढल्या, प्रत्येक मजल्यावर एक पाइप टाकला आणि सर्व कंपन्यांना त्यातूनच यायला सांगितलं. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२४ मध्ये इमारतींना नेट-जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम काढलेत, त्यामुळे नव्या इमारतींत बिल्डरही हा विचार करतील अशी आशा आहे. जुन्यांचं आपल्यालाच करायचं आहे. ताई, तुमच्या सचिवांना आजच भेटा.

सहज_सुचलं · ११ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

लॅन पॉइंट कोणत्या खोल्यांत, हे मूळ प्रश्नातलं कुणीच नीट सांगितलं नाही. माझं मत: जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर. टीव्हीमागे दोन, कामाच्या टेबलाशी दोन, दुसऱ्या बेडरूममध्ये एक, आणि गॅलरीच्या टोकाला छताजवळ एक, पुढे वायफायचा डबा लावायला. पलंगाच्या डोक्याशी काढू नका, पलंग फिरवला की पॉइंट मागे अडकतो. किचनमध्ये गरज नाही. सगळ्या वायरी पॅसेजमध्ये एकाच जागी येऊ द्या.

आंबेमोहोर · १४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. फुल्या मारून झाल्या.

माळा रद्द. आईला पॅसेजमध्ये उभं केलं, "हात लाव बघू कुठे पोचतो ते" म्हटलं आणि तिच्या बोटांशी खडूने स्विचची फुली मारली. डबा त्याच्या वर, दिवे तिच्या डोळ्यांसमोर. लॅन सहज_सुचलं यांच्या यादीप्रमाणे. दिवाणाशेजारचं फोनचं सॉकेट तिथेच राहणार आणि आणखी एक तिच्या पलंगाशी. रात्री फोन वाजला तर अंधारात हॉलपर्यंत यायला नको. डक्टपासून रिकामा पाइप येतोय. सचिवांना भेटले, त्यांनी जिन्यातल्या मेलेल्या तारा काढायला परवानगी दिली.

आंबेमोहोर · २१ डिसेंबर, सायंकाळी ७:१०

धागा वर काढतेय. काम झालं. मीटरवर उणे १९.४. प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून बघितला. दुसऱ्या बेडरूममध्ये १०० दिसलं, प्लेट उघडली तर तपकिरी जोडी सुटलेली. चौपदरी, तुमच्यामुळे कळलं. मिस्त्रीने तिथल्या तिथे नीट करून दिली.

काल रात्री मुद्दाम मेन स्विच बंद केला. घर अंधारात, पॅसेजमध्ये फक्त डब्याचे हिरवे दिवे. मी जिन्यात जाऊन मोबाइलवरून घरचा नंबर लावला. दोन घंटा झाल्या आणि आईने पलंगाशेजारचा फोन उचलून विचारलं, "अगं, लाइट गेलेत, तू कुठे आहेस?"

चपलांच्या रॅकवरची डबी काढली. पण तिच्यामागची तळहाताएवढी भिंत रंगाऱ्याला सोडायला सांगितली आहे.

निळी_शाई · २१ डिसेंबर, सायंकाळी ७:४०

त्या पेन्सिलवर काच बसवून घ्या. रंगाऱ्याचा हात पुढच्या वेळी नक्की फिरेल.

गवतीचहा · २२ डिसेंबर, सकाळी ८:३०

आमचं काम ५ तारखेला सुरू होतंय. ओळंबा, डक्टपासूनचा रिकामा पाइप २५ चाच पुरेल ना? त्यात दोन फायबर आणि एक कॅट-६ जाईल का?

ओळंबा · २२ डिसेंबर, दुपारी १२:५०

जाईल. वळणं दोनच्या वर असतील तर ३२ चा टाका, आणि तार ओढायच्या आधी पाइपमधून एकदा फुंकर मारून सिमेंट नाही ना ते बघा.